ढकलू नकोस, फिरव

गॅरेजवाल्यानं आकडा कागदावर लिहिला
आणि कागद पालथा करून माझ्याकडे सरकवला,
कुणाच्या तरी दुखण्याचं नाव लिहिलं असावं तसा.
तीनशे चाळीस पौंड.
मागच्या दोन डिस्क, मागचे पॅड, मजुरी.
कर वेगळा.

गाडी चौदा वर्षांची.
समुद्राचं खारं वारं आणि हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ
दोन्हींनी तिला खालून खाल्लेली.
ब्रेक दाबला की मागून असा आवाज येई
की बसथांब्यावरची माणसं वळून बघत.

सुटे भाग अठ्ठावन्न पौंडांत मिळाले.
तेलकट कागदात गुंडाळलेल्या दोन थाळ्या,
जेवायच्या थाळीएवढ्या, पण उचलताना मनगट वाकवणाऱ्या.
"बीड आहे," समोरचा इडवाल म्हणाला, "पोलाद नव्हे."
हे त्यानं एकदा सांगितलं, मग पुन्हा सांगितलं.
चाळीस वर्षं तो पोर्ट टॅल्बटच्या भट्टीपुढे उभा होता.
आता हात थरथरतात. चहाचा कप अर्धाच भरून घेतो.

स्वयंपाकघरातली खुर्ची त्यानं फुटपाथवर आणून मांडली.
"मी तोंड, नेरिस. हात तुझे."

पुढच्या चाकांना विटा लाव. हँडब्रेक सोड.
जॅकवर विसंबू नकोस, खाली घोडी ठेव.
डावं चाक निमूट सुटलं.
उजव्या डिस्कचा तो एवढासा स्क्रू
गंजून जागीच झोपलेला.
तेल पाजलं, हातोडीनं जागवलं, शिव्या दिल्या,
वेल्श शिव्या इडवालनं पुरवल्या.
शेवटी ड्रिलनं त्याचं डोकं उडवलं
आणि जुनी डिस्क हातात आली,
काठाला नखाएवढी गंजाची कड,
मध्ये ओरखडे, एकाआड एक, खोल.

मग पिस्टन.
शिकंजा लावून दाबला, हलेना.
गुडघा टेकवून दाबला.
माझं सगळं वजन, दोन रात्रपाळ्यांचं जागरण,
न भरलेलं गॅसचं बिल, सगळं त्याच्यावर घातलं.
"ढकलू नकोस गं," खुर्चीतून आवाज आला,
"फिरव. पुढचे ढकलले की जातात.
मागच्यांच्या पोटात हँडब्रेक असतो.
ते वळत वळत आत जातात."

हेच वाक्य मी नव्या मुलींना सांगते,
वॉर्डात, पहाटे तीनला,
मिसेस प्रॉसरची कूस बदलताना.

बिस्किटांच्या डब्यातून त्यानं हत्यार काढलं:
भंगारातल्या तुकड्याचं, रात्रपाळीत लपून केलेलं,
बायकोच्या गाडीसाठी.
तिच्या गाडीचा रंग सांगितला. बाकी काही नाही.
मी फिरवत गेले, तो म्हणत गेला,
"हळू. वरच्या डबीतलं तेल चढतंय का बघ. हळू."
नव्या थाळ्यांवरचं तेल पुसून काढलं,
पॅडच्या पाठीला तांबडं ग्रीस, पोटाला एक थेंबही नाही.
वाऱ्यानं चिंधी दोनदा पळवली.

"आता पेडल दाब. पहिल्यांदा तळाला जाईल. भिऊ नकोस."
गेलं. अगदी तळाला.
पायाखाली काहीच नाही,
आणि मी भ्यायले.
"पुन्हा."
तिसऱ्या दाबाला ते थोडं वर भेटायला आलं,
पाचव्याला घट्ट.

चाचणीला तो शेजारी बसला, पट्टा स्वतःच लावायचा हट्ट धरून.
पट्टा लागायला किती वेळ लागला ते मी मोजलं नाही,
आरशात माझ्या नखांतला काळा बघत राहिले.
समुद्राच्या रस्त्यावर हळू हळू,
दाब, सोड, दाब, सोड.
आवाज नाही. बसथांब्यावर कुणी वळलं नाही,
थोडं वाईटच वाटलं.
उताराच्या टोकाला लाल दिवा,
मी ब्रेकवर पाय ठेवला,
आणि त्याच क्षणी पलीकडे, जिथे पेडलच नाही,
इडवालनं उजवा बूट जमिनीत गच्च रोवला.

गाडी रेषेच्या हातभर आधी थांबली.
कुणाच्या पायानं ते आम्ही बोललो नाही.